पाठीचं गाऱ्हाणं

आमची नात शमिका हिचं लग्न झालं ते २०२३ साल. त्याच वर्षी दिवाळीनंतर माझी बायको सावित्री चुलीपुढे पडली. मेंदूत रक्तस्राव. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी महिनाभर पुन्हा पुन्हा तपासलं. डोळ्यांत बॅटरी मारली, नखं दाबली, मेंदूचे फोटो काढले. मग मला खुर्चीत बसवून म्हणाले, "आजोबा, आजी श्वास आपला आपण घेतायत. पण शुद्धीवर त्या आता येणार नाहीत."

तिला घरी आणली. नळीतून गाळलेली पेज, ओल्या कापसाने तोंड पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. कुशीच्या वेळा मी खडूने भिंतीवर लिहायचो.

"बाबा, भिंतीचा फळा केलात," सून राजश्री म्हणायची.

आठवड्यातून दोनदा नर्स दर्शना यायची. शिमग्याच्या तोंडावर तिला सावित्रीच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. "आजोबा, जपा. इथे जखम झाली तर हाडापर्यंत जाते." मला अन्न गोड लागेना.

ग्रामदेवीची पालखी दारात आली त्या दिवशी दर्शनाला विचारून खाट अंगणात मांडवाखाली आणली. ढोल वाजले, पालखी नाचली. भोई बाबू ओरडला, "काकी, दरवर्षी ओटी भरायला तासभर लावतेस, आज बघ कशी गप पडून हाय!" बायका खो खो हसल्या. राजश्रीने सावित्रीचा हात नारळाला लावून ओटी भरली.

पालखी पाटावर टेकली आणि आमचा गावकर, गावाचा मानकरी आप्पा, देवीला गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. "आई, ह्या माउलीला उठव, चालती-बोलती कर..."

"थांब आप्पा," मी म्हणालो. "ती उठायची न्हाय."

"आरं लवू, गाऱ्हाणं मधी तोडतात काय? मंग मागू काय?"

"तिची पाठ शाबूत ऱ्हावी, एवढंच माग."

पन्नास शिमग्यांत आप्पाने कुणासाठी पाठ मागितली नव्हती. त्याने डोकं खाजवलं आणि आवाज चढवला. "आई, लवूच्या बायकोची पाठ केळीच्या पानासारखी गुळगुळीत ठेव!"

"व्हय महाराजा!" सगळी वाडी गरजली.

"आनि माझी पन!" बाबू म्हणाला. "पालखीनं खांदं सोललंत!"

"व्हय महाराजा!"

एवढ्यात माझी नजर घड्याळाकडे गेली. दोन वाजले होते. "आप्पा, सरक. कुशीची वेळ झाली."

आप्पा सरकला. बाबूसकट चार भोई पुढे आले, चादरीची चार टोकं धरून त्यांनी तिला अलगद फिरवलं. पालखी वागवणारे हात ते, नळीसुद्धा हलली नाही. मी एकटा ओढायचो तेव्हा तिची कातडी चादरीला घासायची, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवसापासून वाडीतल्या दोघादोघांच्या पाळ्या लागल्या. येणारा सावित्रीला गावची एखादी भानगड सांगून जायचा. आठवड्यात डाग फिका पडला.

पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही. माझी बायको सावित्री १६ सप्टेंबर २०२४ रोजी, गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर चौथ्या दिवशी, सकाळी साडेसात वाजता वारली.