कागदावर फुटलेला ठोकळा

माझे संपूर्ण नाव 'रा-वीस-तीन'. वय अकरा वर्षे. हे वय आता वाढणार नाही. काँक्रीटच्या ठोकळ्याचे वय तो यंत्राखाली फुटतो त्या दिवशी थांबते. मी बोलतो आहे तो कोल्हापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मागील अंगणातल्या ढिगाऱ्यातून. माझे तुकडे झाले, म्हणून माझी वाक्येही तुटकी असतील असे कोणी समजू नये. विभागप्रमुखांच्या टेबलावर मी दहा वर्षे काढली आणि तेथे मोठ्याने वाचल्या गेलेल्या प्रत्येक कागदातून भाषा शिकलो. मला कोणी गुरू नव्हता.

नावातील 'रा' म्हणजे राख, उसाच्या चिपाडांची. सिमेंटचा पाचवा हिस्सा कमी करून त्या जागी ही राख घातली, तर काँक्रीट किती भार सोसते? हा प्रश्न श्री. धम्मपाल शिंगे या हंगामी अधिव्याख्यात्यांचा होता. त्यांनीच मला १९९६ साली घडविले. राखेची पोती त्यांचे वडील, आबा, बिद्रीच्या साखर कारखान्याकडून एस.टी.च्या टपावर घालून आणीत. कंडक्टर विचारी, "काय पावणं, एवढी राख? समदं गाव जाळलं व्हय?"

"पोराचं नशीब हाय त्यात," आबा सांगत. "नीट बांधा, सांडंल."

ओल्या पृष्ठभागावर शिंगे सरांनी खिळ्याने माझे नाव आणि जन्मतारीख कोरली. माझी भावंडे ठरल्याप्रमाणे महिन्याभरात यंत्राखाली फुटली. त्यांचे मला दुःख झाले नाही. आमचा जन्म त्यासाठीच असतो. किती भार सोसला, हा एकच आकडा ठोकळ्याच्या आयुष्याचा अर्थ असतो आणि तो फुटल्याशिवाय कळत नाही. मी जादा म्हणून पाण्याच्या टाकीत राहिलो आणि माझ्या आकड्याची वाट पाहू लागलो.

सरांनी शोधनिबंध लिहिला, तीन प्रती टंकलिखित केल्या आणि उत्तरेकडील एका नियतकालिकाकडे टपालाने धाडल्या. पहिले नाव त्यांचे. दुसरे नाव विभागप्रमुख प्रा. बाळासो नलवडे यांचे. साहेबांनी राखेला बोटही लावले नव्हते, परंतु विभागाची तशी रीत होती. काही महिन्यांनी संपादकांचे उत्तर आले. राखेचे काँक्रीट उशिरा ताकद धरते, सबब एक वर्ष वयाच्या ठोकळ्याचा आकडा द्यावा, मग निबंध छापू, असे परीक्षकांचे म्हणणे होते.

त्या राखेचा एकच ठोकळा शिल्लक होता, तो मी. डिसेंबरात कायम नेमणुकीची मुलाखत होती. निबंध स्वीकारला गेल्याचे पत्र हाती नसेल, तर शिंगे सरांना घरी जावे लागणार होते.

माझे वर्ष भरत आले आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी प्रयोगशाळेतील यंत्रे चालवीत नाहीत, पुजतात. माझ्या यंत्राला झेंडूची माळ घातली होती. शिंगे सर पूजेत नव्हते; ते दाराशी उभे होते. नारळ फोडायला दगड सापडेना.

"कृष्णात, टाकीतला ठोकळा काढ," साहेब परिचराला म्हणाले.

सर पुढे आले. "सर, तो राहू दे. माझा शेवटचा हाय. सुट्टी संपली की तपासायचा हाय."

"तुमच्यात नारळ चालत न्हाय म्हणं. ठोकळा तर चालतोय की!" साहेब हसले. "आणि नारळानं काँक्रीट फुटतंय व्हय? मग कसली ओ ताकद शोधली तुम्ही?"

सगळे हसले. हसणाऱ्यांत सरांचे मित्रही होते.

नारळाने मला काही झाले नाही. हे मी अभिमानाने नमूद करतो. परंतु परत नेताना, शेवाळाने आणि नारळाच्या पाण्याने निसरडा झालेला मी कृष्णातच्या हातून फरशीवर पडलो. माझा एक कोपरा गेला. कोपरा गेलेला ठोकळा चाचणीस ग्राह्य धरीत नाहीत.

सर खाली बसून तुकडा जुळवून पाहू लागले. काँक्रीट असे जुळत नाही, हे ते वर्गात शिकवीत असत.

"वाईट झालं," साहेब म्हणाले. "खोबरं तरी घ्या."

दसरा झाल्यावर त्यांनी सरांना खोलीत बोलाविले. मला तोवर त्यांच्या टेबलावर ठेवण्यात आले होते. "शिंगे, आकडा टाका की. एकतीस टाका. शोभतोय."

"फोडलाच न्हाई, तर आकडा कुठनं आणू सर?"

"मग ठोकळा काय उठून सांगायला जाणार हाय? बरं, ऱ्हाऊ दे. मीच धाडतो."

साहेबांनी धाडले. एकतीस. चौरस मिलिमीटरला एकतीस न्यूटन भार सोसून मी फुटलो, असे संपादकांना कळविण्यात आले. डिसेंबरात स्वीकृतीचे पत्र आले. मुलाखतीत शिंगे सरांनी ते पत्र पुढे ठेवले आणि मान खाली घातली. ते कायम झाले.

आबा पेढे घेऊन साहेबांकडे आले. मला पाहून त्यांनी हात फिरविला. "ह्योच व्हय आमच्या राखेचा?"

"ह्योच," साहेब म्हणाले. "लई कामाचा हाय, आबा. मी जपून ठेवणार."

त्यांनी शब्द पाळला. छापील कागदावर मी फुटलो होतो आणि टेबलावर न फुटता बसलो होतो. माझ्या अंगावरची तारीख कोणालाही वाचता येत होती. साहेबांनी मला कधी उचलले नाही. शिंगे सर एखाद्या कामाला कचरले, की ते पेनाने माझ्यावर टकटक करीत आणि तारखेची बाजू त्यांच्याकडे वळवीत.

"शिंगे, जावईबापूंचा निबंध ह्या महिन्यात पायजे."

"सर, गेल्या वर्षीच एक दिला."

"मग ह्या वर्षी दुसरा. की ह्याला बोलायला लावू?"

टकटक. सर निबंध लिहून देत. साहेबांचे हे जावईबापू त्या निबंधांवर चढत चढत प्राध्यापक झाले. टाइपरायटर गेला, संगणक आला, निबंध ई-मेलने जाऊ लागले. टकटक तीच राहिली. सरांचे केस पांढरे होताना मी रोज समोरून पाहिले. लोक त्यांना मवाळ स्वभावाचे म्हणत.

२००७ साली सौंदर्या नावाची तरुण मुलगी हंगामी अधिव्याख्याता म्हणून लागली. तिने स्वतःचा निबंध लिहून शिंगे सरांकडे तपासायला दिला होता. साहेबांनी तो मागवून घेतला.

"चांगला हाय. हिचं नाव काढा, जावईबापूंचं घाला. दुसरं माझं हायच. तिला सांगा, दोनच नावं चालतात म्हणून."

"सर, कायम व्हायला तिला ह्योच एक निबंध हाय."

टकटक.

शिंगे सर उठले. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले.

"कुठं निघाला?"

"फोडायला."

साहेबांना खरोखर हसू आले. "फोडा की! तुमचंच भलं हाय. पुरावा जाईल. एवढं सुचायला दहा वर्षं लागली व्हय?"

कृष्णातने मला यंत्रात ठेवले. "सर, कोपरा गेलाय ह्याचा."

"असू दे."

काटा सरकू लागला. एकतीस आले आणि गेले. माझ्या नावावर छापलेला तो भिकार आकडा ओलांडताना मला जे वाटले, ते मी येथे सांगत नाही. अडतीसवर मी फुटलो. कोपरा नसताना, अडतीस.

"सुटला की सर तुम्ही," कृष्णात हळूच म्हणाला. "आता कुणाकडं काय हाय?"

"माझ्याकडं हाय," सर म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी संपादकांना कळविले: ठोकळा त्या वर्षी फोडलेला नव्हता, छापलेला आकडा खोटा आहे, ठोकळा आज फोडला, वय अकरा वर्षे, एक कोपरा गेलेला, आकडा अडतीस. सौंदर्याचा निबंध त्यांनी तिला परत नेऊन दिला.

निबंध मागे घेतल्याची सूचना पुढील अंकात छापून आली. पहिले नाव शिंगे यांचे असल्यामुळे चौकशी त्यांची झाली आणि बढती कायमची थांबली. नलवडे साहेबांचे नाव दुसरे होते. त्यांना कोणी काही विचारले नाही, आणि पुढच्या जूनमध्ये ते प्राचार्य झाले. त्यानंतर शिंगे सरांनी जावईबापूंना एकही निबंध लिहून दिला नाही.