रंगाखालची लाल खूण

या मित्रांनो, जरा पुढे सरका. मागे बसलेल्यांनीही जवळ या, माझा आवाज काही मोठा नाही. एका भल्या माणसाची गोष्ट सांगते. गोड नाही, पण खरी आहे.

मी एक जुनी लोखंडी दांडी आहे. हातभर लांब, एका टोकाला आडवी मूठ. दिसायला मोडक्या छत्रीच्या दांड्यासारखी. पण माझा जन्म मोठ्या कामासाठी झाला. एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जाड भिंतींच्या खोलीत, कर्करोगावर किरणांनी उपचार करणारं यंत्र होतं. त्याच्या डोक्यात शिशाच्या कवचाआड, एका छोट्या खणात, किरण सोडणारा, बोटाच्या पेराएवढा कोबाल्ट धातू ठेवलेला असे. खण पुढे सरकला की किरण रुग्णावर पडत, मागे गेला की शिसं त्यांना झाकून टाकी. कधी खण वाटेत अडकलाच, तर यंत्राच्या तोंडातल्या भोकात मला घालून त्याला मागे ढकलायचं. माझ्या मुठीजवळ चार बोटं रुंद लाल पट्टा होता. खण पुरता घरी गेला की पट्टा आत शिरून दिसेनासा होई. लाल बाहेर दिसला, तर किरण अजून मोकळे आहेत, रुग्णाला उचला आणि पळा! माझं लोखंड ढकलण्यापुरतं होतं. अक्कल सगळी त्या पट्ट्यात होती.

यंत्र चालवायचे ते सावकाशकाका. हे नाव त्यांना रुग्णांनी दिलं. उपचाराच्या वेळी मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालून तो टेबलाला घट्ट बसवतात. तो सोडवताना काका एक केस ओढला जाऊ देत नसत. काम करताना काहीतरी गुणगुणत आणि दर दोन वाक्यांनी म्हणत, "सावकाश, सावकाश."

शाळेतून निवृत्त झालेल्या एक मास्तरीणबाई यायच्या. त्या म्हणत, "काका, तुमचं आटपेपर्यंत माझा आजार कंटाळून निघून जाईल."

"जाऊ दे की बाई! आपल्याला तेच तर हवंय."

मला ते रोज सकाळी पुसत. "काय दांडीबाई, आजही बिनकामाच्या ना? देव करो आणि अशाच राहा." आळशी म्हणून झालेलं एवढं कौतुक दुसऱ्या कुणाच्या नशिबी आलं नसेल!

त्या सुमारास जुन्या कोबाल्टचा जोर ओसरला, म्हणून नवा मागवला. मित्रांनो, ती अदलाबदल बघायला हवी होती! किरणांचं मोजमाप ठेवणाऱ्या बाई तिथे होत्या. सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत. टकटक करणारं मापक हातात धरून त्या उभ्या. त्यांनी मान हलवल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही. आधी रिकाम्या खणावर रंगीत तालीम झाली. मग जुना कोबाल्ट शिशाच्या जड पिंपात गेला आणि नवा यंत्रात आला. ज्याने त्याने आपलं काम केलं आणि लगेच लांब झाला. शेवटी बाईंनी स्वतः मला भोकात घालून पाहिलं. लाल पट्टा पुरता आत गेला.

"खूण बरोबर. आता कशालाही हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या.

पण हात लागला. नव्या कोबाल्टच्या उद्घाटनाला पाहुणे येणार होते. काका सुट्टीवर, मोजणीबाई घरी, आणि रुग्णालयाचे मोठे साहेब खोली बघायला आले.

"ही गंजकी काठी कशाला लटकवलीय? खोली कशी लग्नघरासारखी दिसली पाहिजे!"

रंगाऱ्याकडे चंदेरी रंगाचा डबा उरला होता. त्याने मला टोकापासून मुठीपर्यंत चकचकीत करून टाकलं. किरण मोकळे असताना भिंतीवर एक दिवा लागत असे. रंगासाठी तोही उतरवला आणि फळीवर ठेवला, उद्या लावू म्हणून. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात, तो हा.

उद्घाटनाच्या सकाळी मी फुलांच्या माळांआड होते. गडबडीत काकांचं रोजचं पुसणंही राहिलं. टाळ्या झाल्या, पाहुणे चहाला गेले आणि पहिल्या रुग्ण म्हणून मास्तरीणबाई टेबलावर आल्या.

उपचाराची वेळ संपली, पण खण परतल्याचा आवाज येईना. काका आत आले, मला काढून भोकात घातलं आणि जोर लावला. पट्टा आत जायच्या आधीच मी अडले. लोखंडाला कंठ असता तर ओरडले असते, काका, अजून नाही! पण काका लाल शोधत होते, आणि लाल कुठेच नव्हता. भिंतीवर दिवाही नव्हता.

"खण घरी गेला, बाई. आता भ्यायचं नाही. सावकाश."

"आज जरा घाई करा हो, नाक खाजतंय."

"नाक कुठे पळून जातंय? मान हलवू नका, केस ओढले जातील."

ते एकेक खटका हळुवार सोडवत होते आणि नव्या कोबाल्टचे किरण त्या भल्या बोटांवर पडत होते. तेवढ्यात दाराशी मापक किंचाळलं.

"काका! बाहेर! दोघंही बाहेर!" मोजणीबाई ओरडल्या.

सावकाशकाकांना धावताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. उरलेले खटके हिसकून मास्तरीणबाईंना त्यांनी उचलूनच नेलं.

मास्तरीणबाईंचा चेहरा भाजला, पुढे भरून आला. काकांची बोटं आधी लाल झाली, मग फोड आले, मग जखमा. दोन बोटांची पेरं गेली, उरलेली आखडली.

चौकशीत मोजणीबाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि किल्लीने खरवडलं. चंदेरी पापुद्र्याखाली लाल पट्टा जसाच्या तसा होता.

"दिसला, साहेब?"

"दिसला. पण त्यांनी आत इतका वेळ लावायलाच नको होता."

निकाल तोच लागला: कर्मचाऱ्याने विलंब केला. चोर सोडून संन्याशाला फाशी! उद्घाटनाचा फोटो मात्र साहेबांच्या दालनात अजून टांगलेला आहे. यंत्राजवळ आता लाल पट्ट्याची नवी दांडी आहे आणि मी अडगळीत.

परवा मास्तरीणबाई तपासणीला आल्या होत्या. अडगळीच्या दाराशीच त्यांनी मोजणीबाईंना विचारलं, "आमचे काका कसे आहेत?"

"शर्टाची बटणं आता काकू लावून देतात. काका त्यांनाही म्हणतात, सावकाश लाव गं, कुठे जायचंय?"

मास्तरीणबाई चष्मा पुसत राहिल्या.

मित्रांनो, धोक्याची खूण कुरूप असली तरी तिच्यावर कधी रंग चढवू नका. आणि उद्या सकाळी शर्टाची बटणं लावाल, तेव्हा एक बटण जरा हळू लावा, आणि आमच्या सावकाशकाकांची आठवण काढा.