गाभोळी

मासा पाण्यात सोडला, तो दोन हात पुढे गेला, थांबला आणि पोट वर करून उलटा झाला.

काठावरच्या टाळ्या तोवर संपल्या होत्या. राकेशचा फोटो निघाला होता. नारिंगी जॅकेट, दोन्ही हातांवर आडवा धरलेला कटला, चेहऱ्यावर सांगितल्याप्रमाणे हसू. फोटो पुन्हा पुन्हा काढावा लागला. आधी राकेशचे डोळे मिटले, मग मागचा बॅनर वाकडा आला, मग ट्रस्टचं नाव कापलं गेलं. तेवढा वेळ कटला हवेत तोंड उघडत-मिटत राहिला. मग त्याला जीवदान मिळालं, आणि मग तो मेला.

काशीबाईने साडी गुडघ्यापर्यंत खोचली, पाण्यात उतरली आणि कल्ल्यात बोट घालून मासा उचलून आणला.

"जागृती, नाश्त्याचा डबा रिकामा झाला ना? दे इकडं."

जागृतीने खमणाचा स्टीलचा डबा छातीशी धरला. "मावशी, तो ट्रस्टचा डबा आहे. त्यात नॉनव्हेज नाही चालत."

"मग पिशवी दे."

"व्हॅनमधी पण नाही चालत. तुम्हाला माहितीये."

"मेला ना पण तो! काय करू ह्याचं?"

"राहू द्या ना तिथंच. पाण्याचं पाण्यात."

"मारायचं आणि सडू द्यायचं. ते चालतं व्हय तुमच्या ट्रस्टला?"

जागृतीने डबा व्हॅनच्या सीटखाली सरकवला आणि पोरांना हाका मारायला लागली.

काशीबाईने मासा कालच्या गुजराती पेपरात गुंडाळला आणि चालायला लागली. भेस्तानच्या पुढचा तो तलाव आणि डिंडोलीतली त्यांची गल्ली, मधे डाइंग मिलची लांबच लांब भिंत आणि जूनमधलं ऊन. अर्ध्या वाटेत व्हॅन तिला मागे टाकून गेली. राकेशने खिडकीतून हात हलवला. त्याच्या बाजूला बसलेली, काशीबाईच्या शेजारची चैताली मात्र सरळ समोर पाहत होती.

हे सगळं सुरू काशीबाईनेच केलं होतं, ट्रस्टने नव्हे. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो गेला. मुलं आपापल्या संसाराला लागली. गल्लीतली पोरं रविवारी दिवसभर मोबाइलवर मान मोडून बसायची, तेराव्या वर्षी गुटखा खायला शिकायची. एका रविवारी तिने चार बांबू छिलले, त्यांना दोऱ्या बांधल्या, कणकेत हिंग घालून मळली आणि पोरांना खाडीवर नेलं. लहानपणी तापीच्या काठी, भुसावळकडे, ती बापासोबत अशीच बसायची. पोरांना तिने सांगितलं ते एवढंच. बोटाएवढा मासा असेल तर सोडा. पोटात गाभोळी असेल तर सोडा. गाभोळी म्हणजे अंड्यांच्या पिशव्या. तळल्या तर घरात भांडणं लागावीत इतक्या चवीच्या. तरी सोडा. बाकीचं घरी न्या आणि आईला द्या.

"गाभोळी का सोडायची आत्या? तीच तर मस्त लागते," चैतालीने तेव्हा विचारलं होतं.

"मग पुढच्या साली काय खाशील? दगडं?"

पण खाडीचं पाणी एक दिवस लाल असायचं, एक दिवस निळं. मिलमध्ये साड्यांना जो रंग लागायचा, तोच माशांच्या पोटात निघायचा. माशांच्या भाजीला रॉकेलचा वास यायला लागला तसं काशीबाईने तिथलं बंद केलं. आणि नेमकं तेव्हा ट्रस्टचे केयूरभाई आले. वडिलांची साड्यांची मिल, स्वतः कॅनडात शिकून आलेले. तिकडे त्यांनी पाहिलं होतं की बिघडणाऱ्या पोरांना मासे पकडायला बसवतात. धीर येतो म्हणे. पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. स्वच्छ तलावाची परवानगी त्यांनी आणली. कॅनडासारख्या काठ्या आणल्या, जॅकेटं आणली, व्हॅन आणली. अट एकच, घरी काही न्यायचं नाही. देणग्या देणारी मंडळी शाकाहारी. त्यांना मासे पकडणं आवडत नव्हतं, पण सोडणं फार आवडत होतं. आणि सोडायचं तर आधी पकडायला हवंच.

काशीबाई हो म्हणाली होती. पाणी स्वच्छ होतं म्हणून.

*

संध्याकाळी कटल्याच्या तुकड्यांची ताटली घेऊन ती शेजारी गेली. शांताबाई भिंतीला टेकून साडीवर खडे चिकटवत होती. तिची लेक, चैताली, खाटेजवळ उभी राहून भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे तोंड करून पाठ केलेलं म्हणत होती.

"पहेलां अमे जीव मारीने खाता हता. हवे अमने समजायुं छे के..."

"काय बोलू राहिली ही?" काशीबाईने विचारलं.

"भाषण आहे तिचं, रविवारी," शांताबाई खडा चिमटीत धरून म्हणाली. "मोठे लोक येणारेत. चांगलं झालं तर सापुताऱ्याला कॅम्पला नेणारेत म्हणे. एकाचाच नंबर आहे."

"कोणी लिहून दिलं?"

"जागृतीदीदीने," चैताली म्हणाली. "आत्या, ताटली नको. मी सोडलंय आता."

"कधीपासून?"

"सोडलंय."

"जीव मारून खात होतो म्हणजे? चोरी करत होतो का आपण?"

चैताली वळली. "शाळेत पोरी माझ्यापासून लांब बसतात, आत्या. म्हणतात, तुझ्या डब्यातून वास येतो. तुम्हाला नाही म्हणत कोणी."

"मला? मला काय काय म्हणून झालंय, ऐकशील?"

"मग काय केलं तुम्ही?" पोरीचा आवाज चढला. "आज व्हॅनमधी बसू नाही दिलं तर पायी आलात ना? गपचूप?"

शांताबाईने लेकीला दटावलं. काशीबाईने ताटली शेगडीशेजारी ठेवली, वर दुसरी ताटली पालथी घातली आणि घरी आली.

सकाळी ताटली घासूनपुसून परत आली. कोणी खाल्लं, ते शांताबाईने सांगितलं नाही.

*

शनिवारी जागृती आली. स्कूटी गल्लीच्या तोंडाशीच लावून, ओढणीने चेहरा झाकून. ती ह्याच गल्लीत वाढलेली. आता भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची, ट्रस्टचं काम बघायची.

"मावशी, उद्या तुम्ही काही बोलू नका. एवढंच मागते."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलच नका. माझी नोकरी आहे. घरात मी एकटी कमावते. आणि पाणी पण जाईल ना हातचं, पोरांचं."

"तुझी आजी वरणगावच्या बाजारात सुकट विकायची. त्याच्यावर तुझा बाप शिकला."

"म्हणून तर ऑफिसात मी आडनाव सांगत नाही."

हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की काशीबाईला रागवायला जागाच सापडली नाही. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. जागृतीने तो उभ्यानेच संपवला.

"नाही बोलणार मी," काशीबाई म्हणाली. "पण कणीक मीच मळणार. तुमची ती डबीतली गुलाबी गोळी नको."

"चालेल."

"आणि जागृती... पोरीकडून असलं काही वदवून घ्यायचं नव्हतं."

जागृतीने ओढणी पुन्हा चेहऱ्यावर घेतली. "मावशी, मी पण हेच बोलले होते. दहावीत. स्कॉलरशिपच्या वेळी."

*

रविवारी तलावावर मंडप होता. बॅनरवर मोठ्या अक्षरात 'अभयदान' लिहिलेलं, खाली हसणाऱ्या माशाचं चित्र. पांढऱ्या खुर्च्यांवर पाहुणे, मागे कूलर, टेबलावर खमण आणि ताक. केयूरभाईंनी कॅनडाचं सांगितलं. पोरांनी जॅकेटं घालून रांग धरली. काशीबाई पाण्याच्या कडेला, उन्हात, कणकेचा गोळा मांडीवर घेऊन बसली. तिला खुर्ची दाखवली होती. ती गेली नाही.

गळ टाकायचा मान चैतालीचा. काठी तिने अलगद फेकली. दोरीवरचा थर्माकोलचा तुकडा पाण्यावर डुलत राहिला. पाहुण्यांना घाई होती, माशाला नव्हती. कोणीतरी फोनवर भाव बोलू लागलं. मग तुकडा एकदम आत गेला आणि काठी कमानीसारखी वाकली.

चैताली ओढत नव्हती. माशाला जाऊ देत होती, थांबवत होती, पुन्हा जाऊ देत होती. हे तिला केयूरभाईंनी शिकवलेलं नव्हतं. शेवटी रोहू काठाला आला, मांडीएवढा, तांबूस, पोट ढोलकीसारखं फुगलेलं.

"वाह! केटली मोटी!" खुर्च्या सरकल्या. मोबाइल वर झाले.

चैतालीने मासा उचलला नाही. गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरली आणि त्याला पाण्यातच धरून बसली. मग तिने काशीबाईकडे पाहिलं.

काशीबाईने नजर कणकेवर ठेवली. शब्द दिला होता.

चैतालीने अंगठा माशाच्या पोटावरून हलकेच मागे नेला. दोन-चार पिवळे दाणे पाण्यात सुटले. मोहरीएवढे.

"उपर ले, बेटा, फोटो!" कोणीतरी ओरडलं.

"नहीं," चैताली म्हणाली. "मरेगी."

तिने गळ सोडवला. रोहूच्या पोटाखाली हात धरून त्याला पाण्यात पुढे-मागे हलवत राहिली, कल्ले चालू लागेपर्यंत. मग हात काढला. शेपटीचा एक फटका तिच्या तोंडावर पाणी उडवून गेला आणि मासा खोल गेला. ह्या वेळी कोणी उलटं झालं नाही.

टाळ्या वाजल्या. एका बाईंनी डोळे पुसले. केयूरभाई माइक घेऊन स्वतः पाण्याजवळ आले, तिने का सोडली ते विचारायला. "बोल बेटा. तें एने केम छोडी?"

काशीबाईचे हात थांबले. पोरगी आता पाठ केलेलं म्हणेल, आणि तिचा सापुतारा होईल. होऊ दे. डोंगर बघू दे एकदा.

चैतालीने ओल्या हाताने माइक धरला. गुजरातीतच बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून.

"एना पेटमां ईंडां छे. एटले छोडी."

केयूरभाई हसले. पाहुण्यांकडे वळले, पुन्हा तिच्याकडे. "अने ईंडां न होत तो?"

"तो घेर लई जात." अंडी नसती तर घरी नेली असती.

कूलरचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

"आवता वरसे एनां बच्चां मोटां थशे," चैताली पुढच्या वर्षाचा हिशोब मांडत म्हणाली, "पछी लई जईशुं. मारी मम्मी सरस तळे छे."

मागच्या रांगेत एका आजोबांनी सवयीने टाळी वाजवली आणि शेजारच्याने त्यांचा हात धरला. डोळे पुसणाऱ्या बाईंनी तोच रुमाल आता नाकाला लावला. मासा कधीच खोल पाण्यात गेला होता, तरी. केयूरभाईंनी माइक काढून घेतला, "बच्ची छे, बच्ची छे," असं म्हणत मंडपाकडे गेले आणि जाता जाता जागृतीकडे असं पाहिलं की ती टेबलाला टेकली.

चैताली पाण्यातून वर आली. सलवारीतून पाणी गळत होतं. तिने काठी उचलली, गळ तपासला आणि काशीबाईसमोर हात पसरला.

"आत्या, कणीक."

"पुरे कर," काशीबाई हळूच म्हणाली. "सापुतारा गेला तुझा."

"कणीक द्या ना."

काशीबाईने गोळी वळली. नेहमीपेक्षा जरा मोठी.

पाहुणे खमणाकडे वळले होते. कोणी खात नव्हतं, नुसत्या ताटल्या धरून उभे होते. मंडपाच्या कडेला गाड्या चालू व्हायला लागल्या. राकेश आणि बाकीची पोरं रांग मोडून काठावर आली, जॅकेटं काढून त्यांच्यावरच बसली. थर्माकोलचा तुकडा पुन्हा डुलला. पुन्हा बुडाला.

कटला होता. हातभर लांब, पाठ काळी, पोट सपाट.

"आत्या, बघा."

"तूच बघ."

चैतालीने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. काही आलं नाही. तिने कटल्याला कल्ल्यात बोट घालून धरलं आणि पाण्याकडे पाठ करून उभी राहिली. मंडपातल्या सगळ्यांना दिसेल अशी.

काशीबाईने पेपर शोधला. आणलाच नव्हता.

तेवढ्यात मागे स्टीलचा आवाज झाला. टेबलाशी जागृतीने खमणाचा मोठा डबा उपडा केला होता. सगळं खमण टेबलावरच्या कागदावर, मोहरी-मिरच्यांसकट. ओढणीने तिने डबा आतून पुसला. चालत पाण्यापर्यंत आली, डबा चैतालीच्या पायाशी ठेवला आणि झाकण लावायला हातात घेऊन बसली.

"नाव विचारलं आत्ता केयूरभाईंनी," ती काशीबाईला म्हणाली. "पूर्ण नाव. आडनावासकट."

"मग?"

"सांगितलं."

कटला डब्यात पडला, एकदा जोरात आपटला. जागृती झाकण लावू लागली, तर काशीबाईने तिचा हात धरला.

"राहू दे उघडाच," ती म्हणाली.