टॉवेल वाळत घातलेला झोपाळा

शर्मिष्ठाबाईंच्या हॉलच्या छताला झोपाळ्यासाठी चार दणकट कड्या होत्या, आणि त्यातल्या एकीला केळ्यांचा घड लटकत होता. घड उमाकांतरावांनी लटकवलेला. "कड्या नुसत्या रिकाम्या राहण्यापेक्षा बरं," असं वर म्हणायचे. बाई मात्र रोज केळं तोडताना उरलेल्या तीन रिकाम्या कड्यांकडे बघून घ्यायच्या.

त्याला कारणही तसंच होतं. सगळा संसार चेन्नईजवळच्या आवडी गावी, संरक्षण कारखान्याच्या क्वार्टरमध्ये झालेला. उमाकांतराव तिथे फोरमन. क्वार्टरच्या भिंतीत कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा तरी साहेबाची परवानगी, तिथे छताला झोपाळा कुठला? "रिटायर झाल्यावर बघू हं," हे वाक्य बाईंनी इतकी वर्षं ऐकलं होतं की त्यांना झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. अंबत्तूरला फ्लॅट घेतला तेव्हा स्लॅब पडताना त्या स्वतः छत्री घेऊन भर उन्हात उभ्या राहिल्या आणि मेस्त्रीकडून कड्या बसवून घेतल्या. मग दुकानात गेल्या, सागवानी झोपाळ्याची किंमत ऐकली आणि उमाकांतरावांनी बाहेर येऊन आधी दोन पेले नन्नारी सरबत प्यायलं.

"जुना घेऊ गं," ते म्हणाले. "हल्ली मोबाइलवर सगळं मिळतं. फक्त माणूस ओळखता आला पाहिजे. आणि मला फसवणारा अजून जन्मायचाय."

तर एका रविवारी दुपारच्या चहाला ते जवळजवळ ओरडलेच. "अगं ए, मिळाला! ये लवकर!"

बाई पदराला हात पुसत आल्या आणि फोटो बघून जागीच थबकल्या. रुंद सागवानी फळी, पितळी साखळ्या, खाली चकचकीत फरशी. आणि किंमत दुकानातल्या निम्म्याहून कमी! विकणारा कुणी मेजर प्राणेश. आसामला तातडीची बदली झालेली. त्याने निरोपात लिहिलं होतं, इथलं, चेन्नईतल्या अड्यारचं घर आवरतोय, झोपाळा अम्माचा आहे, अम्मा आत्ताही त्यावर बसून डोळे पुसतेय, पण चांगल्या घरी जाऊ दे म्हणते.

"बिचारी," बाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरून आले. त्या अम्माच्या जागी त्यांना आपण स्वतःच दिसत होतो, त्याला काय करणार!

मेजरने पाठोपाठ ओळखपत्राचा फोटो पाठवला, मग गणवेशातला. झालं! उमाकांतराव लोण्यासारखे वितळले. "फौजेतला माणूस आहे. जन्मभर यांच्या रणगाड्यांचे नट आवळले मी. हा फसवेल होय?" दुसरा कुणी असता तर त्यांनी त्याची सात पिढ्यांची चौकशी केली असती. पण मेजर म्हटल्यावर फोन वाजताच ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि बनियनवर होते ते आत जाऊन शर्ट घालून आले. साधा कॉल होता, चेहरा दिसत नव्हता, तरीही.

मेजर हिंदीत भराभर बोलत होता. पलटणीचा ट्रक निघायच्या बेतात आहे. झोपाळा थेट अंबत्तूरला दारात उतरवतो. आगाऊ फक्त पाच हजार पाठवा, बाकीचे माल बघून. कोड पाठवलाय, स्कॅन करा, म्हणजे गेट पास फाडतो.

बाईंनी तोवर आनंदाच्या भरात शेजारच्या कनकाक्कांना फोटो बघायला हाक मारली होती. कनकाक्का म्हणजे तंजावरकडचं जुनं मराठी घराणं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहून त्यांच्या मराठीत तमिळ असं कालवलं गेलेलं की भात कुठला आणि सांबार कुठलं ते सांगता येऊ नये. त्यांनी फोटो बघितला, मान डोलावली आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून किंचाळल्या.

"अय्यो! रविवार की नाही आज? साडेचारापासून सहापर्यंत राहुकालम! झोपाळा म्हणजे मंगल वस्तू. आत्तां पैसा देऊं नका हो, सहानंतर द्या."

"अहो अक्का, रणगाडे काय राहुकाल बघून सुटतात?" उमाकांतरावांचं बोट मोबाइलवर टेकायलाच आलं होतं.

शर्मिष्ठाबाईंनी ते बोट धरलं. चेन्नईत एवढी वर्षं काढून त्यांनी राहुकाळ कधी पाळला नव्हता. पण हा झोपाळा होता. त्याला कशाची म्हणून नाट लागू द्यायची नव्हती. "सहा तर सहा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं थांबले, आता तासाने काय बिघडतंय?"

उमाकांतरावांनी अपराधी चेहऱ्याने मेजरला तसं सांगितलं. त्याने विचारलं, "राहुकालम? वो क्या होता है?"

कनकाक्कांच्या भुवया केसांत जाऊन पोचल्या. "अड्यारची अम्मा, आणि लेकाला राहुकालम ठाऊक नाही?"

"फौजेतली मुलं हॉस्टेलात वाढतात हो," उमाकांतराव म्हणाले, पण आवाजातली हवा जरा कमी झाली होती. त्यातून मेजर आता चिडला. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, ट्रक थांबणार नाही, पाच मिनिटांत काय ते बोला. उमाकांतराव हवालदिल होऊन बायकोकडे बघायला लागले.

बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी कपाटातून खणाचा नवा कपडा काढला होता, नारळ पुसून ठेवला होता आणि वाटीत तांदूळ घेत होत्या. एवढी जिवाभावाची वस्तू एखाद्या बाईच्या घरातून आणायची आणि तिची ओटी भरायची नाही, हे त्यांच्या मनाला पटणारं नव्हतं. त्यांनी नवऱ्याच्या हातून मोबाइल घेतला आणि आपल्या खास आवडी-छापाच्या हिंदीत सांगून टाकलं, "मेजरसाब, ट्रक नको. आम्हीच टॅक्सीने येतो. अम्माजींची ओटी भरते, झोपाळ्यावर बसून बघते आणि पैसे त्यांच्याच हातात देते. फक्त एवढं सांगा, अम्माजी कुंकू लावतात ना?"

"कौन अम्मा?" मेजर वैतागून म्हणाला. "मॅडम, अम्मा को गुजरे दस साल हो गये!"

हे सगळ्यांनी ऐकलं. फोन स्पीकरवर होता.

"मग झोपाळ्यावर बसून रडतंय तें कोण?" कनकाक्कांनी विचारलं.

पलीकडून एक सणसणीत शिवी आली आणि फोन बंद झाला. थोड्या वेळाने बघितलं तर जाहिरातही गायब, मेजरही गायब.

उमाकांतराव खुर्चीत मटकन बसले. "मी शर्ट घातला गं त्याच्यासाठी," ते पुटपुटले.

कनकाक्का तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. शर्मिष्ठाबाई मात्र वाटीतले तांदूळ परत डब्यात ओतत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पैसे वाचले होते, ते ठीकच. पण त्या मेल्याने कुणाच्या तरी आईला झोपाळ्यावर बसवून रडवलं होतं, आणि त्या खोट्या आईसाठी आपण खरा खण काढला, याचा त्यांना भयंकर संताप आला होता. आपली हौस कपाळावर लिहिल्यासारखी त्याला वाचता आली, हे तर फारच लागलं. डोळे पुसून त्यांनी नवऱ्यापुढे हात केला. "द्या तो मोबाइल इकडे. यापुढे झोपाळा मी शोधणार. आणि बसून बघितल्याशिवाय एक पैसा सुटणार नाही. मेजर असो की जनरल."

उमाकांतरावांनी निमूटपणे मोबाइल दिला.

पुढचे काही दिवस बाईंनी जाहिराती अशा पाखडल्या की सुपात तांदूळसुद्धा कुणी इतके पाखडत नाही. जो घाई करी तो बाद. जो आधी पैसे मागे तो बाद. ज्याचा फोटो फारच देखणा तोही बाद. "कुणाच्या घरात एवढं चकचकीत असतं?" आणि एका संध्याकाळी त्या अशा एका फोटोशी थांबल्या की उमाकांतरावांनी नाक मुरडलं. फोटो अंधारा, तिरका. झोपाळ्यावर एक ओला टॉवेल, एक लहान मुलाचा फ्रॉक आणि कोपऱ्यात मुरुक्कूचा, म्हणजे तिकडच्या चकल्यांचा डबा.

"हा?" उमाकांतराव म्हणाले. "विकायला काढलाय आणि टॉवेलही काढला नाही?"

"म्हणून तर हा," बाई म्हणाल्या. "या झोपाळ्यावर खरोखर कुणीतरी राहतंय."

शनिवारी सकाळी दोघं टेम्पो ठरवून अड्यारला पोचले. दाराला लोखंडी जाळी. जाळीमागे विद्यालक्ष्मी नावाच्या वयस्क बाई, कपाळावर कुंकू, हातात कुलपाची किल्ली, चेहऱ्यावर संशय. उमाकांतराव पुढे सरसावले. आपण किती सरळ माणूस आहोत हे दाखवायला त्यांनी आवडी कारखान्याचं जुनं ओळखपत्र ऐटीत जाळीसमोर धरलं.

विद्यालक्ष्मीबाई दोन पावलं मागे सरल्या. "डिफेन्स?" त्या तमिळमध्ये कडाडल्या. "गेल्या आठवड्यात एक डिफेन्सवालाच म्हणाला, पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा. माझी मुलगी बंगळूरहून आलेली होती म्हणून वाचले. जा तुम्ही!"

उमाकांतरावांचा चेहरा इतका पडला की शर्मिष्ठाबाईंना एकदम त्यांची दयाच आली. आयुष्यभराचा अभिमान असलेलं ते कार्ड त्यांनी गुपचूप खिशात घातलं.

शर्मिष्ठाबाईंनी पिशवीतून नारळ आणि तोच खण काढला आणि जाळीशी धरला. "मामी, झोपाळा द्या नाहीतर नका देऊ," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "पण तो तुमचा आहे, म्हणून तुमच्यासाठी हे आणलंय. हे तरी घ्या."

विद्यालक्ष्मीबाई कितीतरी वेळ त्या नारळाकडे बघत राहिल्या. मग किल्ली फिरली.

आत झोपाळ्यावरून टॉवेल अजून हललेला नव्हता. मामींनी तो घाईघाईने उचलला, फळी पदराने पुसली. मुलीकडे बंगळूरला राहायला जायचं होतं, तिथल्या फ्लॅटला कड्या नाहीत, असं सांगताना त्यांचा आवाज भरून आला आणि ते रडणं अगदी खरं होतं. बाईंनी त्यांना झोपाळ्यावर बसवून ओटी भरली. मग स्वतः शेजारी बसल्या आणि पायाने हलकेच झोका दिला. कड्या कुरकुरल्या. इतकी वर्षं मनात ऐकलेला आवाज हाच होता.

बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. उमाकांतरावांनी घाईने पैशांचं पाकीट काढून पुढे केलं. विद्यालक्ष्मीबाईंनी हात पुढे केला, घड्याळाकडे बघितलं आणि हात झटकन मागे घेतला.

"थांबा हो. साडेदहापर्यंत राहुकालम आहे. मी आत्ता पैसे घेणार नाही."

उमाकांतराव पाकीट हातात धरून तसेच उभे राहिले. शर्मिष्ठाबाई आधी नुसत्या बघत राहिल्या आणि मग खो खो हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अहो, बसा," त्या सरकून जागा करत म्हणाल्या. "हा झोपाळा खरा आहे."

उमाकांतराव बसले. मामी कॉफी टाकायला आत गेल्या.