बारा बाटल्यांचा नैवेद्य

सरबतवाल्या मनोरमाताईंनी मान डोलावली की देवेंद्रला महिन्याला बारा लाख झाकणांचं काम मिळणार. झाकणामागे चार पैसे सुटले तरी अठ्ठेचाळीस हजार. शिवाय ‘आमचे बुचवाले जावई’ म्हणून चारचौघांत ओळख करून देणारा मेव्हणा श्रीरंग कायमचा गप्प बसणार. ही दुसरी कमाई त्याने कागदावर मांडली नव्हती, पण मोठी तीच होती.

देवेंद्रच्या सातिवलीच्या गाळ्यात कोकम सरबताच्या बारा बाटल्या ओळीने उभ्या होत्या. झाकण देवेंद्रच्या डोक्यातलं: हलकं, मशीनवर सरसर बसणारं. सरसर बसावं म्हणून त्याने खालच्या कड्याची आतली पकड जराशी कमी केली होती. पहिल्यांदा झाकण फिरवलं की हे कडं तुटून बाटलीच्या गळ्यात राहायला हवं. ते अख्खं दिसलं, म्हणजे बाटली कोणी उघडलेली नाही.

मनोरमाताईंचा सगळा जीव त्या कड्यात. आगाशीचं त्यांचं सरबत मागल्या उन्हाळ्यात एका दुकानदाराने पाणी घालून विकलं होतं. एकेक बाटली उजेडाला धरून त्या म्हणाल्या, “बाराही कडी शाबूत. छान जमलंय रे.”

लीलाने चहा ठेवला आणि नवऱ्याच्या कानाशी लागली. “अहो, देव पावला. सकाळी सगळ्या बाटल्या देवापुढे ठेवल्या होत्या.”

“बरं केलंस.”

“उघडून हो. बंद बाटलीचा नैवेद्य कसा दाखवणार? देव काय झाकण फिरवत बसणार? मग परत घट्ट लावली.”

देवेंद्रने बशी खाली ठेवली. उघडलेल्या बाटल्या, आणि कडी शाबूत. झाकण गळतं का, हे त्याने शंभरदा तपासलं होतं. पकड कमी केल्यावर कडं तुटतं का, हे एकदाही नाही.

मनोरमाताईंनी पेन काढलं. “लिहू ना ऑर्डर?”

आज सही होऊ दे, साचा उद्या गुपचूप सुधारू, देवेंद्रच्या मनात आलं. पेनाचं टोक कागदाला टेकलं.

“ताई, थांबा. आधी एक उघडून बघा.”

त्यांनी झाकण फिरवलं. झाकणासकट कडं अख्खंच्या अख्खं हातात आलं. त्यांनी ते परत लावलं, पुन्हा काढलं.

“तुला कधी कळलं?”

“आत्ता. चहाबरोबर.”

“साचा सुधार, मग ये,” म्हणत त्यांनी पेन पर्समध्ये टाकलं.

साचा सुधारायला दीड लाख लागले. त्यातले साठ हजार देवेंद्रचे, बाकीच्यांसाठी लीलाच्या बांगड्या गेल्या. सरबत मनोरमाताईंचं गेलं. श्रीरंगचं काहीच गेलं नाही. ‘बुचवाले’ म्हणायला त्याला अजूनही पैसे पडत नव्हते.