अर्धी वीत

मित्रांनो, मी पाण्याची खोली मोजणारी एक जुनी काठी आहे, आणि दोन वर्षं मी खोटं सांगत होते. हे आधीच बोलून टाकते, म्हणजे पुढे माझं कौतुक वाटायला नको.

सुताराने मला सरळ, बिनगाठीच्या लाकडातून घडवलं. पायाला अर्धी वीत लांबीचं लोखंडी टोपण बसवलं. रंगाऱ्याने त्या टोपणाच्या टोकापासून मोजून माझ्या अंगावर विती-वितीला लाल पट्टे ओढले. मोजणीदार बाई मला खांद्यावर टाकून नदीभर फिरायच्या. मी खोली सांगायची आणि त्यांनी वहीत लिहायची.

नदी मी पायाने ओळखते. वर डोंगरात तिचं पात्र अरुंद आणि ती स्वतः उतावळी. तिथे दगडांना पोटाने चिकटून राहणारे बोटभर मासे. उतार कमी झाला की ती रुंदावते, वळणं घेते, एका काठाला डोह कोरते आणि दुसऱ्या काठाला गोटे टाकते. मोठे मासे डोहात विसावतात आणि अंडी घालायला वरच्या गोट्यांत चढून जातात. अगदी खाली ती संथ, गाळाने भरलेली. तिथे मिशाळ मासे आणि शिंपले चिखलात दडून असतात. अरुंद पात्रात जे पाणी छातीला लागतं, तेच पसरट पात्रात पातळ होऊन घोट्यावर येतं. म्हणून पसरट जागी बोटाबोटाचा हिशेब लागतो.

"हिच्यावर माझा डोळे झाकून विश्वास आहे," असं बाई सगळ्यांना सांगायच्या. मी फुगून जायचे.

दोन वर्षांपूर्वी वरच्या भागात माझं टोपण दोन दगडांत अडकलं. बाईंनी हिसका दिला, मी सुटले, टोपण तिथेच राहिलं. "गेलं तर गेलं, लाकूड तर धड आहे," असं म्हणून त्या पुढे निघाल्या. पट्टे टोपणाच्या टोकापासून मोजलेले आहेत, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी अर्धी वीत जास्त पाणी दाखवू लागले. डोहात अर्ध्या वितीने काय बिघडतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग ती सकाळ आली. मासे अंडी घालायला वर चढत होते. शहरासाठी धरणात पाणी साठवायचं होतं, पण गोट्यांच्या पसरट पट्ट्यावर निदान एक वीत पाणी ठेवायचं, असा नियम होता. धरण जवळच, वरच्या वळणावर. गेट फिरलं की थोड्याच वेळात पाणी उतरायचं. बाई पात्राच्या मधोमध उभ्या होत्या, एका हातात मी, दुसऱ्यात फोन.

"किती आहे, मॅडम?" गेटवाल्याने विचारलं.

"दीड वीत. करा अजून बंद."

पाणी उतरलं.

"सव्वा. अजून थोडं."

मित्रांनो, मला पट्टे आहेत, तोंड नाही. असतं तर किंचाळले असते.

"एक वीत. बस, थांबा आता."

इतक्यात काठावरून मासेवाली मावशी धावत पाण्यात शिरली. "अगं पोरी, तुला डोळे आहेत की बटणं? मासे तडफडतायत बघ!"

"मावशी, काठी एक वीत दाखवतेय."

"काठीला काय कळतंय! माझा घोटा बघ. वीतभर पाणी असतं तर ते घोट्याच्या कितीतरी वर आलं असतं!"

बाईंनी खाली पाहिलं. पोटात अंडी घेतलेली एक मासळी उघड्या पडलेल्या गोट्यांवर आडवी पडली होती, पाठ कोरडी, कल्ले उघडमीट करत. बाईंनी पंजा ताणून पाण्यात उभा धरला. पाणी निम्म्यावर. त्यांनी मला उलटं केलं, खिळ्यांची रिकामी भोकं पाहिली आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"दादा, गेट उघडा! आत्ताच्या आत्ता!"

"अहो, तुम्हीच तर बंद करायला सांगितलंत. साहेबांना विचारायला हवं."

"साहेबांचं मी बघते. आधी उघडा!"

पाणी येईपर्यंत दोघी एकेक मासा दोन्ही हातांत उचलून डोहात नेऊन सोडत होत्या. मी गोट्यांवर पडून होते. पाणी आलं, तोवर सात मासळ्या निपचित झाल्या होत्या.

बाईंनी तिथेच बसून साहेबांना फोन लावला. "साहेब, आजचाच नाही, दोन वर्षांचे माझे सगळे आकडे चुकलेत. गेल्या वर्षी मासे वर आले नाहीत, ते जाळ्यांमुळे नाही. तेव्हाही पाणी कमी पडलं होतं. मावशीची जाळी उगाच जप्त केली आपण. हो, लेखी देते. सहीसकट देते."

शेजारी बसलेली मावशी सगळं ऐकत होती. वर्षभर तिने दुसऱ्यांच्या टोपल्या वाहून पोट भरलं होतं. मेलेली एक मासळी तिने मांडीवर घेतली होती, तिच्यावरून नुसती हात फिरवत राहिली.

आता मला नवं टोपण आहे. तरी रोज पाण्यात उतरण्याआधी बाई मलाच मोजून घेतात. आधी मला याचा राग आला असता. मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणी विश्वासाचं असेल, तर त्याला अधूनमधून तपासत जा, आणि तुमच्यावर कुणाचा विश्वास असेल तर स्वतःलाही. माझी अर्धी वीत मला ठाऊक होती. मावशीला ती वर्षभर सोसावी लागली.