मावशीचा पाय निघत नाही

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीचा एक नियम होता. एखादी गोष्ट करणारा माणूस संपादकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ छापायला जात नसे. 'जम्प'वाल्याचं प्लास्टर अजून निघालेलं नाही. आमच्या खोलीत टिकून राहण्याची क्रियापदं होती आणि प्रत्येकाला एकेक पगारी माणूस नेमलेला होता.

माझ्याकडे 'एन्ड्युअर' होतं, म्हणजे सोसत राहणं. त्यासाठी मला एक पाय आखूड असलेलं स्टूल आणि कानाशी खडखडणारा पंखा मिळाला होता. पण माणूस मेला निर्लज्ज, त्याला कशाचीही सवय होते. मी पंख्याच्या तालावर डुलक्या काढायला लागले तेव्हा संपादक हळहळले. सवय झाली की ते सोसणं राहत नाही, असं म्हणून त्यांनी पंखा काढून नेला.

त्याच सुमारास माझा तिच्या घरी विसरलेला चष्मा द्यायला मावशी आली. चष्मा दिला, बरं निघते म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला टेकून शेजारणीच्या पित्ताशयाची हकिकत सुरू केली. काका गेल्यापासून तिला घरी जाणं नको वाटायचं. जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी पर्स खांद्यावर, एक पाय बाहेर आणि मावशी तिथेच. संपादक कधीचे 'लिंगर'साठी, म्हणजे रेंगाळण्यासाठी, माणूस शोधत होते. त्यांनी तिला चौकटीतच नोकरी दिली आणि माझं स्टूल उचलून तिच्याशेजारी ठेवलं.

मावशीनेच मला लहानाची मोठी केली. माझा तिच्यावर जीव आहे. पण तेच पित्ताशय रोज ऐकून माझे कान किटले होते, आणि संपादक माझा चेहरा न्याहाळत खुशीत टिपणं काढायचे.

मग वरून हुकूम आला. एवढी क्रियापदं कशाला, सगळ्यांना मिळून एक 'टिकणे' पुरे, आणि माणूसही एकच ठेवा. कोणाला ठेवायचं हे संपादकांनी आपल्या पद्धतीने ठरवलं. जो टिकेल तो.

'पर्सिस्ट'वाला रोज संपादकांच्या दारावर टकटक करून खिडकीजवळची जागा मागायचा. ते नाही म्हणायचे, तो पुन्हा टकटक करायचा. आता संपादकांनी दार उघडून घ्या जागा म्हटलं. बिचारा खिडकीत बसला, थोडा वेळ बाहेर बघितलं आणि राजीनामा देऊन गेला. नाही म्हणणारंच कोणी उरलं नाही तर हट्ट कोणापाशी धरायचा? पुरण्याच्या अर्थाच्या 'लास्ट'वाल्याचं काम म्हणजे एकाच बुटांच्या जोडावर खोलीत येरझाऱ्या घालणं. त्याचे तळवे फाटले. पुरले तेवढे पुरले, असं म्हणून तो अनवाणीच घरी गेला, आणि खरं सांगते, चांगला खुशीत दिसला.

उरलो मी, मावशी आणि 'सर्व्हाइव्ह'वाला. सगळे गेल्यावर मागे उरणं हे त्याचं काम. म्हणून तो रोज आमच्या तब्येतीची आस्थेने चौकशी करायचा आणि उत्तम आहे म्हटलं की हिरमुसायचा.

मला ती नोकरी हवी होती. बाहेर कोण विचारतंय सोसण्याच्या अनुभवाला! पण मावशीची इथली जागा गेली तर तिच्या वाट्याला ते रिकामं घरच येणार होतं. मी यातलं काही बोलले नाही. तिने ओळखलं.

शुक्रवारी दुपारी पित्ताशयाचं ऑपरेशन ऐन रंगात आलेलं असताना ती मध्येच थांबली.

"तू बस, बाळा," ती म्हणाली. "मी निघते."

आणि खरंच निघाली. चौकटीला टेकली नाही, पर्स सावरत मागे वळली नाही, जाता जाता पाणी मागितलं नाही.

 मी उठेपर्यंत 'सर्व्हाइव्ह'वाला मागे उरला असं होत नव्हतं, म्हणजे नुसती बसून राहिले असते तरी जागा माझी होती. पण ती आता घरी जाईल, स्वतःच कुलूप काढेल, दिवा लावेल आणि आलीस का म्हणून विचारायला आत कोणी नसेल, हे काही डोळ्यांपुढून हलेना. मला ते सहन होत नव्हतं आणि मी ते सहन करत बसले होते.

संपादक लगबगीने येऊन माझ्यासमोर उकिडवे बसले.

"अशाच बसा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आज पहिल्यांदा बरोबर जमलंय."

त्यांची पेन्सिल भराभर चालायला लागली. मी क्षणभर त्या पेन्सिलीकडे बघितलं आणि उठले. स्टूल आडवं झालं. 'सर्व्हाइव्ह'वाल्याने दार उघडून धरलं आणि तब्येतीला जपा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि गालातल्या गालात हसूही होतं.

धावत खाली गेले तर मावशी फाटकापाशीच. पर्स खांद्यावर, एक पाय रस्त्यावर, आणि रखवालदार भिंतीला टेकून मुकाट पित्ताशय ऐकतोय. मला बघून ती भडकली. नोकरी सोडून आलीस का, म्हणाली. मी हो म्हटलं.

"चल घरी," मी म्हटलं. "आजपासून मी तुझ्याकडेच राहणार आहे."

 मावशीने पदराने डोळे टिपले, पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"चल, निघूच," ती म्हणाली, आणि रखवालदाराकडे वळली. "तर मग डॉक्टर काय म्हणाले..."

रखवालदाराने माझ्याकडे मोठ्या आशेने पाहिलं. मी फाटकाला टेकून उभी राहिले. मला काही घाई नव्हती.